बरं वाटलं म्हणून गोळी सोडू नका
पॅनिक अटॅकमध्ये छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, आता आपण मरणार असंच वाटतं. पहिल्यांदा असं झालं तर ईसीजी काढून घ्यावाच. झटका बहुधा १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरू लागतो.

खरा घोळ गोळ्यांचा. एस्सिटालोप्रामसारख्या रोजच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते, आणि नेमकी तेव्हाच लोक गोळी सोडतात. क्लोनाझेपाम लवकर शांत करते, म्हणून ती लाडकी. पण तिची सवय लागते. दोन्ही एकाएकी बंद करू नयेत. नियमित घेतलेली क्लोनाझेपाम अचानक थांबवली तर फिटही येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उतरवावा. तिच्यासोबत दारू तर नकोच, श्वास मंदावतो. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही.