छापील किंमत, मोठं पाकीट आणि डब्यातले सोंडे

सुपरमार्केटच्या बिलाच्या तळाशी हल्ली एक ओळ छापून येते: आज तुम्ही इतके रुपये वाचवलेत. पुष्कळांना ही रक्कम खरीच खिशात राहिल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांच्यातली वजाबाकी असते. या वजाबाकीला बचत म्हणायचं की नाही, हे छापील किंमत कोण ठरवतं यावर अवलंबून आहे.

एमआरपी सरकार ठरवतं, असा समज घट्ट बसलेला आहे. काही औषधांच्या बाबतीत तो खरा आहे. तूरडाळ, बिस्किटं, साबण, मसाले यांची एमआरपी मात्र उत्पादक किंवा पाकीटबंद करणारा स्वतः छापतो. त्यात सगळे कर धरलेले असावेत आणि पाकीट त्याहून महाग विकू नये, एवढंच नियम सांगतात. म्हणजे ‘एमआरपीवर ३० टक्के सूट’ ही कंपनीनेच छापलेल्या आकड्यावरची सूट झाली. आकडा चढा छापला की सूट आपोआप घसघशीत दिसते. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तशीच डाळ सुटी, कसलीही पट्टी न लावता त्याहून कमी भावात मिळू शकते.

हा भाव ताडून बघायची सोय पाकिटावरच असते, पण तिकडे फारसं कोणी बघत नाही. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल, पीठ अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागत. २०२१ मध्ये नियम बदलले, हे बंधन गेलं आणि त्याऐवजी ‘एकक विक्री किंमत’ छापणं आलं. पाकीट किलोच्या आतलं असेल तर दर ग्रॅमला, किलोवरचं असेल तर दर किलोला. ८५० ग्रॅम आणि सव्वा किलो शेजारी ठेवले तर एकावर पैशांतला आकडा आणि दुसऱ्यावर रुपयांतला, त्यामुळे हजाराने गुणायचं काम आपल्याकडेच राहतं. शिवाय तो आकडा एमआरपीवरून काढलेला असतो, सवलतीच्या भावावरून नव्हे. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर कुठल्याही कूपनपेक्षा जास्त कामाचं आहे ते इथे.

तेलाच्या पिशवीत डोळे हमखास फसतात. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. ८५० ग्रॅमची पिशवी फळीवर लिटरच्या पिशवीसारखीच दिसते, आत मात्र साठ-पासष्ट मिली तेल कमी असतं. भाव पाच रुपयांनी कमी दिसला तरी तो स्वस्त असेलच असं नाही.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त, हेही सरसकट खरं नाही. शाम्पूची एक-दोन रुपयांची पुडी आणि मोठी बाटली यांचा प्रति मिली भाव काढून बघा. पुष्कळदा पुडीच स्वस्त निघते. पुडीची किंमत नाण्याला बांधलेली असते आणि तिचं गिऱ्हाईक एकेक रुपया मोजणारं असतं, म्हणून तिथे कंपन्यांची चढाओढ मोठी. बाटलीवाला एवढा हिशेब करत नाही हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. (पुड्यांच्या प्लास्टिकचं काय करायचं, हा वेगळाच आणि वाईट प्रश्न आहे.)

धान्यात मात्र मोठ्या पोत्याला खरंच फायदा आहे, आणि त्यामागे कर आहे. १८ जुलै २०२२ पासून आधीच पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला, तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला. त्यावरच्या पोत्याला नाही. म्हणूनच २६ आणि ३० किलोची पोती दुकानात दिसू लागली. दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या एका गोणीत घातल्या म्हणून कर सुटत नाही, कारण प्रत्येक पिशवी वेगळी धरली जाते. वाणी पोत्यातून सुटं धान्य तोलून देतो त्यावरही हा कर नाही. ‘सुटं देतो म्हणजे कर चुकवतो’ हा त्याच्यावर उगाच घेतलेला संशय आहे.

कूपनांबद्दलचं आकर्षण बरंचसं अमेरिकेतून आलेलं आहे. तिथे कोका-कोलाने १८८० च्या दशकातच फुकट पेल्याची कूपनं वाटली होती, आणि पुढे ती एक व्यवस्थाच झाली. वर्तमानपत्रातून कापलेलं कूपन दुकानदार घेतो आणि ती रक्कम उत्पादकाकडून वसूल करतो. काही दुकानं वर स्वतःची सूट जोडत, त्यामुळे कुशल माणसाला टूथपेस्ट जवळजवळ फुकट पडे. ‘एक्स्ट्रीम कूपनिंग’ नावाच्या टीव्ही मालिकेने गराजभर साठा करणारी माणसं जगाला दाखवली. आपल्याकडे किराण्यात अशी व्यवस्था रुजलेली नाही. आपलं कूपन बहुतेकदा ॲपवाल्याचं असतं आणि त्याला किमान खरेदीची अट असते. ५०० वर ५० रुपये सूट मिळावी म्हणून ३८० च्या यादीत १२० रुपयांचे चिप्स आणि जॅम टाकले, तर खिशातून ७० रुपये जास्तच गेले. वर हाताळणी शुल्क वेगळं. ‘ऑफर दहा मिनिटांत संपते’ अशी खोटी घाई करणं, न मागता टोपलीत वस्तू सरकवणं, शेवटच्या पायरीवर शुल्क उघड करणं, या गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातल्या आहेत. त्या यादीत अशा १३ क्लृप्त्या आहेत.

आता साठवणीकडे येऊ. मार्च ते मे या काळात वर्षाचं भरून ठेवण्याची आपली रीत शहाणपणाची आहे, पण ती सगळ्याच वस्तूंना लावली की अंगाशी येते. गहू, ज्वारी, तांदूळ यांना ती शोभते. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये येतो आणि तेव्हा भाव सहसा नरम असतो. समजा, शंभर किलोमागे किलोला पाच रुपये वाचले, म्हणजे पाचशे. चाळीस रुपये किलोचा दहा किलो गहू किडला, तर त्यातले चारशे गेले. साठवणीच्या बचतीचा मार्जिन इतका बारीक असतो. तांदळाचं गणित त्याहून बरं, कारण जुना तांदूळ मोकळा होतो, जास्त फुलतो आणि बाजारात महागही विकला जातो. कोलम घरी मुरवला तर फायदाच. आंबेमोहोराचा वास मात्र मुरताना कमी होत जातो, तेव्हा तो वर्षाचा भरण्यात मजा नाही.

डाळी आणि तेल महागणार अशी बातमी आली की घराघरात भरणी सुरू होते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. पुढच्या हंगामात तुरीचं अमाप पीक आलं आणि २०१७ च्या सुरुवातीला बाजारभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटलच्या हमीभावाखाली आला. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदान कमी पडलं. २०२२ मध्ये इंडोनेशियाने २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा इथे लोकांनी तेलाचे डबे घेऊन ठेवले. ती बंदी २३ मे रोजी उठली आणि पुढच्या महिन्यांत तेल उतरलं. घाबरून केलेली भरणी बहुतेकदा भाव शिखरावर असतानाच होते, कारण बातमीही तेव्हाच येते.

‘धान्य निवडून, ऊन दाखवून भरलं की कीड लागत नाही.’ हे ऐकायला बरं आहे. गहू-तांदळातल्या सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि तोंड बुजवून टाकते. अळी आतच वाढते, म्हणून दाणा बाहेरून स्वच्छ दिसतो आणि उष्ण हवेत महिन्याभराने किडा बाहेर पडतो. कडधान्याचा भुंगा तर शेतातूनच येतो. मूग-चवळीच्या दाण्यावर दिसणारे पांढरे ठिपके ही त्याची अंडी. अख्ख्या कडधान्यापेक्षा भरडलेल्या डाळीला हा भुंगा कमी लागतो, तेव्हा मूग, मटकी, चवळी आणि छोले दोन महिन्यांपुरतेच घ्यावेत. उन्हाचा खरा उपयोग ओल काढण्यासाठी आहे. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे, आणि भरण्याआधी तो थंडही झाला पाहिजे. मग हवाबंद डबे, आणि एका मोठ्या कोठीऐवजी तीन-चार लहान. रोज उघडणाऱ्या कोठीत पावसाळ्याची दमट हवा रोज शिरते. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर कडकडीत वाळवून; ओला पाला बुरशीला आमंत्रण देतो. रवा, मैदा, बेसन अशा थोड्या वस्तूंना चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की अळ्या-अंडी मरतात.

बोरिक पावडर चोळणं अनेक घरांत चालतं. ती विषारी आहे आणि अन्नात वापरायला परवानगी नाही. त्याहून भयंकर म्हणजे सेल्फॉससारख्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. अशा घटना घडलेल्या आहेत. या गोळ्या फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांसाठी आहेत. कोणी दुकानदाराने कागदात बांधून दिल्या तरी घरात आणू नयेत.

शेंगदाणे आणि खोबरं साठवताना वेगळी भीती असते. दमट जागी त्यांवर येणाऱ्या बुरशीपैकी काही अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. वरची बुरशी पुसून, दाणे भाजून ते नाहीसं होत नाही. खवट किंवा बुरसटलेले दाणे सरळ टाकून द्यावेत, त्यांची चटणी करू नये.

घाऊक भाव हवा पण घाऊक साठा नको, यावर मुंबईत एक जुनी तोड आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, माल एकत्र येतो आणि आपापसात वाटून घेतला जातो. यादी आधीच ठरल्यामुळे फळीसमोर उभं राहून सुचणारी खरेदी बाद होते. संस्थेत न जाताही सोसायटीत हे जमतं: तीस किलोचं पोतं चार घरांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात किलो येतं, आणि एवढं धान्य सोंडे बाहेर पडायच्या आत संपतं.