नवशिक्यासाठी कंपायलर

संगणकाला केवळ यंत्रभाषा समजते. विद्यार्थ्याने सी++ सारख्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे काम कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली करते. व्यावसायिकाला कंपायलरकडून वेगाने चालणारी यंत्रभाषा हवी असते. नवशिक्याची गरज निराळी असते. त्याची आज्ञावली एकदा नीट चालण्यापूर्वी अनेकदा फसते. म्हणून त्याला हवे असते ते झटपट रूपांतर आणि चूक नेमकी कोठे आहे हे सांगणारा संदेश.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात ही गरज ओळखून १९६५ साली चार विद्यार्थ्यांनी आयबीएम ७०४० या संगणकासाठी वॅटफॉर हा फोर्ट्रान भाषेचा कंपायलर रचला. त्याचा सारा भर जलद रूपांतरावर आणि चुकांच्या स्पष्ट निदानावर होता.

भारतातील शाळा-महाविद्यालयांत टर्बो सी++ ने दीर्घकाळ ठाण मांडले. बोर्लंड कंपनीचा हा कंपायलर १९९० साली बाजारात आला. आज्ञावली लिहिणे, तपासणे व चालविणे ही सारी कामे एकाच पडद्यावर होत असल्याने त्या काळी तो खरोखरच सोयीचा होता. परंतु १९९८ साली सी++ चे आंतरराष्ट्रीय मानक निश्चित झाले, आणि त्यानंतरही अनेक प्रयोगशाळांत जुनाच कंपायलर राहिला. त्याचे परिणाम विद्यार्थ्याला भोगावे लागतात. टर्बोमध्ये साधी पूर्णांक संख्या सोळा अंकस्थानांची असते व तिची कमाल मर्यादा ३२,७६७ असते. अशा दोन संख्यांत ३०,००० व १०,००० ठेवून त्यांची बेरीज छापली, तर उत्तर येते उणे २५,५३६! आजच्या सर्वसाधारण संगणकावर जीसीसी हा कंपायलर तेच उत्तर ४०,००० देतो. उलट टर्बोत बिनतक्रार चालणारी 'व्हॉइड मेन' ही सुरुवात जीसीसी सी++ मध्ये साफ नाकारतो. वर्गात पूर्ण गुण मिळविलेल्या मुलाची आज्ञावली अन्यत्र फेटाळली जाते, आणि दोष जुन्या साधनाचा असूनही तो स्वतःलाच मंदबुद्धी समजू लागतो.

म्हणून मानक पाळणारा कंपायलर निवडावा. जीसीसी व क्लँग हे दोन्ही विनामूल्य आहेत. लिनक्सवर ते एका आज्ञेने बसविता येतात. विंडोजवर जीसीसी बसविताना त्याचे स्थान 'पाथ' या यादीत नोंदवावे लागते. ते राहिले, तर कंपायलर असूनही संगणकाला सापडत नाही. पुष्कळांची पहिली निराशा येथेच होते.

आणखी एक व्यवस्था आवश्यक आहे. जीसीसी मुळात बराचसा मितभाषी आहे. तुलनेसाठी दोन समचिन्हांऐवजी चुकून एकच लिहिले, तरी तो मुकाट्याने रूपांतर करतो. 'वॉल' हा पर्याय जोडला की तो याबद्दल इशारा देतो. हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा. संदेशांची लांबलचक यादी आली, तर प्रथम सर्वांत वरची चूक दुरुस्त करून पुन्हा रूपांतर करावे. एका विसरलेल्या अर्धविरामापायी खालच्या दहा ओळी निष्कारण दोषी ठरलेल्या असू शकतात.