लाळेंतील सूक्ष्म पुटिका आणि वहिनींची गोळी

गेल्या माघांतील गोष्ट. आमच्या वहिनी, म्हणजे माझ्या वडील बंधूंचें कुटुंब, वयानें सत्तरीच्या पलीकडे. मधुमेहाची गोळी त्या आठ वर्षें नेमानें घेत आलेल्या. त्या महिन्यांत मात्र त्यांना वारंवार तहान लागूं लागली, रात्रीं दोन-तीनदां उठावें लागूं लागलें. घरच्या यंत्रावर उपाशीपोटीं साखर पाहिली, तों आंकडा २४० च्या वर. ‘गोळी घेतां ना?’ असें विचारतां त्या शांतपणें म्हणाल्या, ‘‘भाऊजी, गोळी मीं तीन आठवड्यांपूर्वींच सोडली. सकाळीं चूळ न भरतां बासी लाळ गिळतें. तींत सूक्ष्म पुटिका असतात आणि त्या पोटांत जाऊन साखर आवरतात, असें मोबाईलवर आलें आहे. तुम्हीं जन्मभर मुलांना शिकविलेंत, तुम्हांस हें ठाऊक नाहीं?’’

ठाऊक नव्हतें, हें कबूल केलें पाहिजे. डॉक्टरांस विचारून गोळी त्याच दिवशीं पुन्हां सुरू केली. परंतु वहिनींचें समाधान नुसत्या आज्ञेनें होणारें नव्हतें. पुण्यास जीवरसायनशास्त्र शिकणारी आमची नात तेव्हां सुट्टीस तीर्थपुरीला आली होती. तिच्यापाशीं बसून, शंका विचारून जें समजून घेतलें, तेंच येथें मांडीत आहें. कारण असा निरोप केवळ आमच्याच घरीं आला असेल, असें नाहीं.

प्रथम लाळेचाच विचार करूं. आमचा जालना जिल्हा मोसंबीचा. मोसंबीचें साल सोलतांना वास नाकांत शिरला, कीं फोड जिभेवर पडण्यापूर्वींच तोंडास पाणी सुटतें. हें पाणी मुख्यत्वें तीन जोड्यांच्या ग्रंथींतून येतें : कानापुढील, जबड्याखालील आणि जिभेखालील. दिवसभरांत अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत लाळ उत्पन्न होते व जवळजवळ सर्व आपण नकळत गिळतों. भाकरीचा घांस पुष्कळ वेळ चावला असतां गोड लागतो, याचें कारण लाळेंतील अमायलेज नांवाचें पाचक द्रव्य पिष्टाची साखर करूं लागतें. लाळेचा हा गुण लॉइक्स या जर्मन रसायनज्ञानें १८३१ सालीं दाखविला.

आपल्या वैद्यकांत जिभेवर राहून रसाचें ज्ञान करून देणाऱ्या कफास ‘बोधक’ म्हटलें आहे, आणि पचनाची पहिली अवस्था मधुर, दुसरी अम्ल व तिसरी कटु अशी कल्पिली आहे. तोंडांत पिष्टाची साखर होणें आणि मग जठरांत आम्लाशीं गांठ पडणें, हा क्रम पाहिला म्हणजे पूर्वजांच्या निरीक्षणाचें कौतुक वाटतें. परंतु म्हणून त्यांना पुटिकाही ठाऊक होत्या असें म्हणूं नये. ज्या वस्तु साध्या सूक्ष्मदर्शकासही दिसत नाहींत, त्यांचें श्रेय पूर्वजांस देणें हा त्यांचा मान नव्हे.

या पुटिका म्हणजे काय? आपल्या पेशी स्निग्ध द्रव्याच्या दुपदरी आवरणाच्या अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडीत असतात. त्यांतील एका जातीस एक्झोसोम म्हणतात. त्यांचा व्यास साधारणपणें ३० ते १५० नॅनोमीटर. शंभर नॅनोमीटरांच्या दहा हजार पुटिका ओळीनें मांडाव्या, तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरतो. १९८३ सालीं अमेरिकेंतील व कॅनडांतील संशोधकांस रक्तांतील कोंवळ्या तांबड्या पेशी अशा पुटिका टाकतांना आढळल्या. प्रथम हा पेशीचा केर असावा असें वाटलें. पुढें २००७ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं त्यांत आर.एन.ए. असल्याचें व तो दुसऱ्या पेशींत पोंचत असल्याचें दाखविलें. तेव्हां केराची टोपली म्हणून जिच्याकडे पाहिलें, ती टपालाची पिशवी निघाली. मनुष्याच्या लाळेंतील पुटिकांचें वर्णन ओगावा प्रभृति जपानी संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलें.

आतां वहिनींचा प्रश्न : या पुटिका पोटांत जाऊन टिकतात काय? त्यांचा प्रवास पाहूं. तोंडांतील लाळ जवळजवळ उदासीन, म्हणजे ना आम्ल ना अल्क, असते. तेथून त्या घांसाबरोबर जठरांत पडतात. उपाशीपोटीं तेथील आम्ल फार तीव्र असतें. जेवणानंतर अन्नाच्या योगें तें कांहीं काळ सौम्य होतें, आणि गोळा झालेल्या अन्नाच्या गाभ्यांत तर आम्ल शिरण्यास वेळ लागतो. म्हणूनच लाळेचें अमायलेजही जठरांत गेल्याबरोबर बंद पडत नाहीं. जठरांतील पेप्सिन प्रथिनांस तोडतें, स्निग्धास नाहीं. अर्थात् पुटिकेच्या बाहेरच्या अंगास असलेलीं प्रथिनें त्याच्या तावडींत सांपडूं शकतात, आंतल्या मालास मात्र आवरणाचा आडोसा असतो.

खरा कठीण घाट पुढें लहान आंतड्यांत लागतो. तेथें पित्तांतील क्षार साबणाप्रमाणें स्निग्ध आवरण सैल करितात, स्वादुपिंडाचा रस त्या आवरणाच्या घटकांस तोडतो आणि ट्रिप्सिन उरल्या प्रथिनांचा समाचार घेतें. तरीही सर्वस्वीं नाश होतोच असें नाहीं. बाजारांतील गाईच्या दुधावर कृत्रिम पाचक रसांचा प्रयोग करून त्यांतील सूक्ष्म आर.एन.ए. बऱ्याच अंशीं टिकतो, असें २०१६ सालीं दाखविलें गेलें. लाळेच्या पुटिकांवरही याच पद्धतीचे प्रयोग झाले आहेत. परंतु कांचेच्या नळींत टिकणें निराळें, जिवंत आंतड्यांत टिकणें निराळें आणि टिकून गुण देणें त्याहून निराळें. या तीन पायऱ्या आहेत. निरोप लिहिणाऱ्यानें पहिलीवरून थेट माळ्यावर उडी मारली.

आणि आतां मौजेचा भाग. लाळेच्या पुटिकांवर जपानी संशोधकांस जें द्रव्य विशेषेंकरून आढळलें, त्याचें नांव डी.पी.पी.-४. प्रथिनांच्या साखळीच्या टोंकास दुसऱ्या जागीं प्रोलीन किंवा अलानीन असेल, तर टोंकाचे दोन मणी तें तोडतें. गव्हांतील ग्लूटेनमध्यें प्रोलीन विपुल, म्हणून तें पचण्यास जड. तेथें असें द्रव्य उपयोगाचें. परंतु हेंच द्रव्य जी.एल.पी.-१ नांवाच्या संप्रेरकासही तोडतें. जेवणानंतर आंतड्यांतून निघणारें हें संप्रेरक इन्शुलिन वाढविण्यास साहाय्य करितें, पण दोन-एक मिनिटांतच त्याची शक्ति निम्म्यावर येते, तें या डी.पी.पी.-४ मुळें. मधुमेहाच्या ‘ग्लिप्टिन’ वर्गांतील गोळ्या याच द्रव्यास आवरतात. त्यांतील पहिली, सिटाग्लिप्टिन, अमेरिकेंत २००६ सालीं मान्य झाली. वहिनींची गोळी याच वर्गांतील!

म्हणजे ज्यास आवरण्याकरितां गोळी, तेंच द्रव्य ज्या पुटिकांवर असतें, त्या औषध म्हणून गिळावयाच्या आणि गोळी सोडावयाची! लाळ गिळल्यानें साखर वाढते असें मात्र मी म्हणत नाहीं. आंतड्याच्या अस्तरांत व रक्तांत हें द्रव्य मुळचेंच भरपूर आहे, त्यापुढें घोटभर लाळेचा काय पाड? शिवाय दिवसभर आपण तीच लाळ गिळीत असतों. ती जर मधुमेहाचें औषध असती, तर मधुमेह कोणास झालाच नसता. सकाळच्या लाळेंत कांहीं अधिक असेल, तर तें जंतु. कारण झोंपेंत लाळ अगदीं थोडी सुटते आणि तोंडांतील जंतूंस रात्रभर मोकळें रान मिळतें.

हें सर्व ऐकून वहिनी कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे पुटिका आहेत हें खरें, आणि उपाय तेवढा खोटा?’’ मीं म्हटलें, ‘‘होय.’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘सगळेंच खोटें असतें तर मीं विश्वास ठेवलाच नसता.’’

त्यांचें हें वाक्य माझ्या मनांत राहिलें आहे. निव्वळ असत्य सुशिक्षित घराच्या उंबरठ्यावरून परत जातें. शास्त्राचा एखादा खरा शब्द हातीं धरून आलें, म्हणजे त्यास आपण पाट मांडतों. म्हणून असा निरोप आला असतां त्यांतील शब्द खरे आहेत कीं नाहींत एवढेंच पाहूं नये. एका शब्दावरून दुसऱ्यावर जातांना मधली पायरी आहे कीं नाहीं, हें पाहावें. आणि चालू औषध तर वैद्यास विचारल्यावांचून कधींही सोडूं नये.

लाळेचा मान ठेवावयाचा असेल, तर त्याचा मार्ग साधा आहे. घाई न करितां, बडबड न करितां, मन लावून जेवावें, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. घांस नीट चावला म्हणजे लाळ त्यांत मिसळते आणि आपलें काम आपण करिते. वहिनी आतां सकाळीं चूळ भरतात, ठरल्या वेळीं गोळी घेतात. परवां उपाशीपोटीं साखर १२८ भरली. मला हांक मारून त्यांनीं आंकडा दाखविला आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हेंही लिहा.’’ म्हणून लिहिलें.