रक्तातील पोटॅशियम : एक धोका, तीन कामे

घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी इमारत कोसळून १७ जण दगावले. अशा ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्या माणसालाही एक धोका उरतो. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. चिरडलेल्या स्नायूंवरचा भार हटला, की ते रक्तात उतरते. रक्तात त्याचे प्रमाण लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल असावे, ६.५ च्या पुढे हृदय केव्हाही थांबू शकते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांनाही हाच धोका असतो.

उपचार मात्र सगळीकडे सारखे नसतात. कोणी इन्सुलिनची १० एकके देतात, तर कोणी साखर फार घसरू नये म्हणून ५. पण मुख्य प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. घरात पाणी शिरले, की सामान माळ्यावर चढवणे, पाणी शेजारच्या खोलीत लोटणे आणि पाणी उपसणे ही तीन वेगळी कामे. कॅल्शियम काही मिनिटांत हृदयाला सावरते. पोटॅशियम मुळीच कमी करत नाही आणि त्याचा परिणाम तासाभरात ओसरतो. ग्लुकोजसोबत दिलेले इन्सुलिन पोटॅशियमला काही तास पेशींत लोटते. उपसण्याचे काम मुख्यतः लघवीचे, नाहीतर डायलिसिसचे. म्हणूनच ईसीजी सुधारला, एवढ्यावर उपचार थांबवणे घातक ठरते.