गाड्या पाचच का? मसाई माराच्या सफारीतलं धंद्याचं गणित



"सर, टुरिझममध्ये काहीतरी करायचंय," असं म्हणणारे प्रत्येक बॅचमध्ये चार-पाच जण तरी असतातच. कोणाला टूर कंपनी काढायची असते, कोणाची गावाकडं जमीन पडून असते, कोणाला होमस्टे सुरू करायचा असतो. या सगळ्यांना मी एकच सांगतो. आधी एखादा मोठा, चालता धंदा आतून समजून घ्या. आज त्यासाठी आपण केनियातल्या मसाई माराला जाणार आहोत. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आकडे इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात शब्दापासून करू. 'सफारी' हा स्वाहिली शब्द आहे, अर्थ प्रवास. मूळ अरबी 'सफर', तो तर आपल्याकडंही आहे. केनियात गाडीला 'गारी' म्हणतात, चहाला 'चाय' आणि दुकानाला 'दुका'! १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली गेली. त्या कामावर तीस हजारांहून जास्त भारतीय मजूर गेले होते. रेल्वे जिथं पोहोचली, तिथं भारतीय, त्यातही बरेचसे गुजराती, व्यापारी छोटी दुकानं टाकून बसले. त्यांना तिथं 'दुकावाला' असं नावच पडलं. गिऱ्हाईक कुठं येणार हे ओळखून आधी जाऊन बसणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं.

ग्राहक नक्की काय विकत घेतो?

मसाई मारा राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचं आहे. नैरोबीहून रस्त्यानं साधारण २७० किलोमीटर, म्हणजे पाच-सहा तास. दक्षिणेला सीमा ओलांडली की टांझानियाचं सेरेंगेटी लागतं. मध्ये कुंपण नाही. त्यामुळं पावसाच्या आणि गवताच्या मागं लाखो वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत झेब्रे वर्षभर गोल फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर ते माराच्या बाजूला असतात.

तेव्हाचा सगळ्यात गाजलेला देखावा म्हणजे नदी ओलांडणं. खाली पाण्यात मगरी, वर काठावर हजारोंचा कळप. कळप तासन् तास उभा राहतो, एखादा पुढं होतो, परत मागं फिरतो. कधी कधी संपूर्ण कळप न उतरताच निघून जातो. आता विचार करा. लाखो रुपये खर्च करून आलेला माणूस चार तास उन्हात बसला आणि काहीच घडलं नाही. पैसे परत मागणार का? चांगला गाइड सोबत असेल तर नाही मागणार.

कारण सफारीत सिंह विकता येत नाही, तो काही तुमच्या पगारावर नाही. विकली जाते ती गाइडची नजर. चार जिराफ एकाच दिशेला टक लावून बघतायत, म्हणजे तिकडं काहीतरी आहे. इम्पाला हरणं फुसकारायला लागली, म्हणजे बिबट्या किंवा सिंह जवळ आहे. गिधाडं एका जागी उतरतायत, म्हणजे रात्रीची शिकार तिथं पडलीय. हे वाचता येणारा माणूस रिकाम्या माळरानावरसुद्धा ग्राहकाला तीन तास गुंतवून ठेवतो. केनियात सफारी गाइडांची व्यावसायिक संघटना आहे, ती परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड असे दर्जे देते. गोल्डवाले मोजकेच असतात, आणि त्यांना मागणी किती असेल हे मी सांगायला नको.

'बिग फाइव्ह' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा, गेंडा. ही यादी मूळची शिकाऱ्यांची. पायी शिकार करायला सगळ्यात धोकादायक असे पाच प्राणी. केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली, पण यादी टिकली आणि आज ती कॅमेरावाल्यांना विकली जाते. तिचा तोटाही आहे. ग्राहक टिकमार्क करायला लागतो, आणि सिंह दिसला की वायरलेसवर खबर जाऊन तिथं गाड्यांची जत्रा भरते.

गर्दी वाढली की माल संपतो

आता खरा मुद्दा. मारामधल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथं मादी एका वितीतली सरासरी २.३ पिल्लं मोठी करू शकत होती. जिथं गाड्या जास्त, तिथं हा आकडा होता ०.२. म्हणजे पाच विती झाल्या तर कसंबसं एक पिल्लू जगणार! गाड्यांच्या गराड्यात मादीची शिकार हुकते किंवा पिल्लांची ताटातूट होते, असं त्यामागं असू शकतं. ज्या चित्त्याला बघायला गर्दी जमते, त्याची पुढची पिढी गर्दीच थांबवते. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आपणच आपलं भांडवल खातोय.

यावर तोडगा निघाला तो राखीव क्षेत्राच्या बाहेर, मसाई लोकांच्या जमिनीवर. तिथली सामाईक कुरणं वाटून कुटुंबांच्या नावावर झाली. आता धोका असा, की प्रत्येकानं आपापलं कुंपण घातलं किंवा जमीन विकली, तर प्राण्यांच्या वाटा बंद आणि गुरांचीही फिरती चराई बंद. मग शेजारच्या जमीनमालकांनी जमिनी न विकता एकत्र केल्या आणि पर्यटन कंपन्यांना भाड्यानं दिल्या. याला 'कॉन्झर्व्हन्सी' म्हणतात. २०१० मध्ये सुरू झालेली नाबोइशो हे त्यातलं एक उदाहरण. मसाईंच्या मा भाषेत या नावाचा अर्थच 'एकत्र येणं' असा आहे. जमीन सुमारे ५०,००० एकर, मालक पाचशेच्या आसपास.

यातला करार नीट बघा:

- भाडं एकरावर ठरतं. पर्यटक आले किंवा न आले, मालकाला ठरलेली रक्कम मिळते.
- साधारण ३५० एकरांमागे एकच तंबू. हिशोब करा, ५०,००० एकरांत दीडशेसुद्धा तंबू बसत नाहीत.
- एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या. मुख्य राखीव क्षेत्रातही असा नियम आहे, पण हंगामात तो पाळला जातोच असं नाही.
- गुरांना चराई बंद नाही, पण ती ठरलेल्या पट्ट्यांत, आळीपाळीनं.

तंबू कमी म्हणजे दर जास्त. दर जास्त म्हणजे भाडं द्यायला पैसा. भाडं वेळेवर मिळालं की मालकाला कुंपण घालावंसं वाटत नाही. कुंपण नाही म्हणून प्राणी येतात, आणि प्राणी आहेत म्हणूनच दर टिकतो. हे चक्र वहीत काढून ठेवा.

हे सगळं गोडगोड आहे, असं मात्र समजू नका. दुष्काळात गवत तिथंच दिसतं आणि गुरं मात्र बाहेर ठेवावी लागतात, तेव्हा मालकाच्या पोटात तुटतं. जमिनीच्या कागदावर बहुतेक पुरुषांचीच नावं, म्हणून भाडंही त्यांच्याच हातात जातं. आणि २०२० मध्ये कोविडनं विमानं थांबली, तेव्हा अनेक ठिकाणी भाडं कमी करावं लागलं. ज्यांनी गुरं राखली होती, त्यांना आधार होता. सगळी कमाई एकाच नळातून येत असेल, तर नळ बंद पडण्याची तयारी आधीच करावी लागते.

तुम्ही ग्रुप घेऊन जाणार असाल तर

कॉस्टिंग करताना तारखेला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला मारा राखीव क्षेत्राची फी जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर, आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. म्हणजे तीन दिवसांच्या मुक्कामात फक्त महिना बदलला तर माणशी ३०० डॉलरचा फरक! तिकीट १२ तासांचं असतं, त्यामुळं आत शिरायची आणि बाहेर पडायची वेळही पैशातच मोजा. कोट देण्याआधी चालू दर तपासा, आणि डॉलर महागला तर फरक कोण भरणार हे लेखी ठेवा.

कागदपत्रांत कसूर नको. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. भारतातून जाताना पिवळ्या तापाची लस लागते, आणि तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. आठवडाभर आधी जागा झालेला ग्राहक विमानतळावर अडकतो आणि शिव्या तुम्हाला पडतात. प्लॅस्टिक पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, म्हणून फराळाच्या पुड्या कापडी पिशवीत बांधायला सांगा.

आणि ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा, की नदी ओलांडणं दिसेलच याची हमी नाही. बुकिंग घेताना हे सांगायला जीभ अडखळते, मला माहितीये. पण ज्यानं आयुष्यभराची बचत काढून तुमच्या हातात दिलीय, त्याला काय विकत घेतोय ते कळायलाच हवं.

आजचा गृहपाठ

तुमचा धंदा कुठलाही असो, वडापावची गाडी असो की होमस्टे, दोन ओळी लिहा. पहिली, तुमच्या धंद्यातला 'चित्ता' कोण, म्हणजे कशाच्या जिवावर गिऱ्हाईक येतं? दुसरी, किती गर्दी झाली की त्याला धक्का बसायला लागतो? तो आकडा सापडला की तुमचा 'पाच गाड्यांचा' नियम ठरवा. पुढच्या व्हिडिओत त्या आकड्यावरून दर कसा काढायचा, ते कोरी शीट घेऊन एकत्र भरू.