धंदा जाणणारा धनी



लातूरच्या एखाद्या डाळ-गिरणींत प्रथमच शिरणाऱ्यास यंत्रांचा खडखडाट आणि पिवळसर धूळ एवढेंच जाणवतें. गिरणीच्या धन्यास मात्र त्या धुळींत आपला नफा उडतांना दिसावयास पाहिजे.

तुरीचा दाणा दिसावयास साधा. पण टरफल आणि आंतील डाळ यांच्यामध्यें डिंकासारखा एक चिकट थर असतो. तो सैल झाल्यावांचून टरफल सुटत नाहीं. म्हणून तूर चाळून, लहानमोठी निवडून, खरखरीत रुळांतून काढतात. तेलाचा हात लावून मुरवतात, उन्हांत वाळवतात, पाणी शिंपडून पुन्हां ढीग घालतात. ऊन कमी पडलें तर टरफल चिकटून राहतें; घाईनें रूळ आवळले तर दाणाच खरवडला जातो. एका क्विंटल तुरींत डाळीचा अंश सुमारें ८५ किलो असतो. जुन्या पद्धतीच्या गिरणींत हातीं येते ती बहुधा ७० ते ७५ किलो. टरफल जाणारच, त्यास इलाज नाहीं. पण मधली दहा-पंधरा किलो डाळ कणी, चुनी आणि भुकटी होऊन गुरांपुढें जाते. दिवसाला १०० क्विंटल तूर भरडणाऱ्या गिरणींत शेंकडा एकाचा फरक म्हणजे रोज एक क्विंटल डाळ!

आतां गंमत पाहा. चुनी विकली जाते, आणि तिचे पैसे वहींत जमेच्या बाजूस लिहिले जातात. केवळ वही वाचणाऱ्या धन्यास चुनीची विक्री वाढली म्हणजे उत्पन्न वाढलें असें वाटावें! रूळ झिजला आहे, किंवा ओली तूर तशीच यंत्रांत गेली, हें वही सांगत नाहीं. तें चुनीची मूठ हातांत घेऊन पाहणाऱ्यासच कळतें.

नांदेडकडे कापसाची तीच कथा. ‘एनएचएच ४४’ हें नामांकित वाण देणाऱ्या संशोधन केंद्राचें हें गांव. एका क्विंटल कापसांतून रुई निघते ती साधारण एक-तृतीयांश. बाकी बहुतेक सरकी. कापूस ओला असेल तर वजनाला भरतो, पण गंजींत तापतो आणि रुई पिवळी पडते. फाजील वाळला तर धागा तुटतो. खरेदीच्या वेळीं गाडींतल्या कापसांत हात खुपसून पाहणारा जुना माणूस धन्याच्या गादीपेक्षां अधिक मोलाचा असतो. तो उद्यां सोडून गेला तर पेढीजवळ काय उरतें, हा प्रश्न मालकानें स्वतःस एकदां विचारावा.

कोणी म्हणेल, धन्यानें काय स्वतः फावडें हातीं धरावें? तसें नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत. पुढें बेळगांवांत त्यांनीं सायकलींचें दुकान चालविलें आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमिनीस विष चढतें, असा तेव्हां शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. स्वतःच्या हातानें घडविलेल्या वस्तूचा गुणदोष ज्यास ठाऊक, तोच एवढा धीर धरूं शकतो. १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हां धन्यास ओतशाळेपासून शेतकऱ्याच्या शंकेपर्यंत सारें ठाऊक होतें.

धन्याच्या अज्ञानाची किंमत एकटा धनी देत असता तर मी हा विषय काढलाच नसता. तोटा कोठें झाला हें कळलें नाहीं, कीं तो भरून काढण्याचे दोन सोपे मार्ग सुचतात: शेतकऱ्याच्या तुरीचा भाव पाडणें, किंवा हमालाची मजुरी कापणें. झिजलेला रूळ बदलावयाचा सोडून मनुष्य आवळला जातो, आणि रूळ पुढील हंगामांतहि तशीच भुकटी पाडीत राहतो.

आणि आपल्या घरांतील बायकांस हें सारें अगोदरच ठाऊक असतें. पाण्यांत भिजवून केलेली डाळ शिजावयास वेळ घेते, हें त्या वाण्यास ऐकवितात. वाणी आडत्यास सांगतो. तें बोलणें गिरणीपर्यंत पोहोंचतें कीं नाहीं, हें मात्र तेथें ऐकणारा कोण बसला आहे त्यावर अवलंबून.