इंधनाचे भाव आणि विमान कंपन्यांचा ताळेबंद

विमान कंपनीच्या खर्चात बहुतेकदा सर्वांत मोठा वाटा इंधनाचा असतो. भारतात तो साधारण ३० ते ४० टक्के भरतो. शंभर रुपये खर्चात ३५ रुपये इंधनाचे धरले आणि भाव २० टक्क्यांनी चढला, तर खर्च सात रुपयांनी वाढतो. जगभरच्या विमान कंपन्यांना बऱ्या वर्षातही शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे तीन-चार रुपयेच सुटतात. म्हणजे एवढी भाववाढ सगळा नफा खाऊन वर तोटा करते.

हा बोजा लगेच प्रवाशांवर टाकता येत नाही. पुढच्या महिन्यातल्या उड्डाणाची बरीच तिकिटे जुन्या दराने विकली गेलेली असतात. उरलेल्यांचे दर वाढवावेत, तर प्रवासी स्वस्त कंपनीकडे जातो, नाहीतर बसने. पुणे–बेंगळूरु प्रवासासाठी महामार्ग आहेच.

मुंबईच्या जेट एअरवेजला २०१८ मध्ये अशा भाववाढीचा फटका बसला. त्या ऑक्टोबरपर्यंत खनिज तेल पिंपाला ८० डॉलरच्या पुढे गेले आणि डॉलर ७४ रुपयांवर पोहोचला. विमान इंधनाचा देशातला भावही डॉलरमधल्या दरांवरच ठरतो आणि विमानांचे भाडे बहुधा डॉलरमध्येच द्यावे लागते, त्यामुळे मार दुहेरी होता. एप्रिल ते सप्टेंबर या दोन तिमाह्यांत जेटला प्रत्येकी सुमारे १,३०० कोटींचा तोटा झाला. इंडिगोलाही जुलै–सप्टेंबरमध्ये ६५२ कोटींचा तोटा सोसावा लागला. शेअर बाजारात आल्यापासूनचा तिचा तो पहिलाच तिमाही तोटा. पण इंडिगोकडे रोकड होती आणि तिचा इतर खर्च कमी होता, जेटवर मात्र कर्जाचा डोंगर होता. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे थांबली. तेलाने जेट बुडवली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. आधीच डळमळीत असलेल्या कंपनीला तेलाने शेवटचा धक्का दिला.

भारतात यात करांची भर पडते. विमान इंधन जीएसटीबाहेर आहे. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क (११ ऑक्टोबर २०१८ पासून ते १४ वरून ११ टक्के झाले) आणि राज्याचा व्हॅट लागतो, आणि या करांची वजावट कंपनीला मिळत नाही. व्हॅट राज्यागणिक वेगळा असल्याने कंपन्या जमेल तिथे स्वस्त राज्यातून जादा इंधन भरून आणतात. अर्थात ते वजन वाहून नेण्यातही थोडे इंधन जळतेच.

कंपन्यांच्या हाती उपाय मोजकेच. एअरबस ए३२०निओसारखी नवी विमाने जुन्यांपेक्षा सुमारे १५ टक्के कमी इंधन घेतात. अमेरिकेतल्या साउथवेस्टने पुढच्या खरेदीचा भाव आधीच बांधून घेऊन २००८ च्या भडक्यात मोठी बचत केली, मात्र नंतर तेल उतरल्यावर तेच करार तिला महाग पडले.

महाराष्ट्राने १ एप्रिल २०२३ पासून बृहन्मुंबई, पुणे आणि रायगड जिल्ह्यात विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर इंधन भरणाऱ्या कंपन्यांना त्याचा थेट फायदा होतो. तिकीट त्याने स्वस्त होईलच असे नाही. ते त्या मार्गावर किती कंपन्या उडतात यावर ठरते.